ह्यो डोंगर खाली नाय येत?

परदेशातल्या ग्रुप टूरच्या शेवटच्या दिवशी, हॉटेल सोडून विमानतळाकडे निघालेल्या बसमध्ये एक विषय हमखास निघतो. तोवर जो तो खिडकीबाहेर बघण्यात, फोटो काढण्यात, रात्रीच्या जेवणात वरणभात आहे ना याची खात्री करून घेण्यात गुंतलेला असतो. शेवटच्या दिवशी मन घराकडे वळतं आणि कोणीतरी म्हणतं, "इथं बघा, इतक्या दिवसांत एक हॉर्न ऐकला नाही. आणि आपल्याकडे..." त्या 'आपल्याकडे'च्या पुढे मग प्रत्येकाला काही ना काही सांगायचं असतं. बसमध्ये महाड-पोलादपूरकडची मंडळी असली की यादी ठरलेली असते. वर्षानुवर्षं रखडलेला मुंबई-गोवा महामार्ग. एमआयडीसीचा वास. बाजारपेठेत शिरणारं पुराचं पाणी. पेशंट जरा गंभीर झाला की मुंबईची वाट धरायला लावणारे दवाखाने. एवढा पाऊस पडूनही मे महिन्यात वाडीवर येणारा टँकर. आणि सगळ्यात शेवटी एक निवाडा येतो: "त्यांच्या अंगातच शिस्त आहे हो. आपल्याला नाही जमायचं." माना डोलतात, आणि तो निवाडा सामानाबरोबर मुंबईला उतरतो.

माझं म्हणणं या निवाड्याविरुद्ध आहे. गाऱ्हाण्याविरुद्ध नाही. गाऱ्हाणं खरं आहे, ते करणाऱ्याने ते अंगावर सोसलेलं आहे. 2016 च्या 2 ऑगस्टच्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. ज्यांच्या गावातली ही गोष्ट, त्यांनी परक्या देशातल्या पुलावरून जाताना मनात काही तुलना करू नये, असं कोण म्हणेल? पण ही तुलना जिथून विचार सुरू व्हायचा नेमकी तिथे थांबते. टूरने आपल्याला तयार झालेल्या गोष्टी दाखवलेल्या असतात. त्या तयार कशा झाल्या, कुणाच्या हट्टाने झाल्या, त्याआधी काय काय मोडलं, हे दाखवलेलं नसतं. मग माणूस त्याचं कारण रक्तात आणि स्वभावात शोधतो. तिथे एकदा कारण सापडलं की करण्यासारखं काही उरत नाही.

ग्रुप टूरला नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही, हे आधीच सांगतो. केसरीभाऊ पाटलांनी 1984 मध्ये केसरी टूर्स सुरू केली आणि पुढच्या काही दशकांत त्या धर्तीच्या मराठी कंपन्यांनी जे केलं ते सामाजिकदृष्ट्या मोठं काम आहे. इंग्रजीची धास्ती असलेली, व्हिसाचा फॉर्म बघून हात मागे घेणारी, आयुष्यभर पीएफ आणि पतपेढीत पैसे साठवलेली माणसं त्यामुळे आल्प्सपर्यंत पोचली. एकट्याने, पाठीवर पिशवी टाकून केलेला प्रवास तेवढा खरा, असं म्हणणारे लोक बहुधा लहानपणापासून प्रवास करत आलेले असतात. पोलादपूर तालुक्यातल्या ज्या बाईने मुंबई आणि पंढरपूर यापलीकडे काही पाहिलेलं नाही, तिला स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नच्या तळ्याकाठी उभं करायला समूहच लागतो. आपल्याकडे माणूस दूर गेला तो नेहमी समूहातूनच गेला. वारी दिंडीतून होते, काशीला सोबतीनेच जायचे, आणि महाडच्या मोहल्ल्यांतली मंडळी आजही उमऱ्याला ग्रुपमधूनच जातात.

पण त्या जुन्या प्रवासांना शेवट करता येत होता. आषाढी एकादशी झाली म्हणून वारी संपत नाही. पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो, मग पालख्या परत फिरतात. हाजी मक्का सोडण्याआधी काबाचा निरोपाचा तवाफ, म्हणजे प्रदक्षिणा, करतो आणि मगच सामानाला हात लावतो. ज्यासाठी एवढं लांब आलो त्याच्याकडेच शेवटचा दिवस द्यायचा, ही त्यामागची समजूत. टूरच्या शेवटच्या दिवसाला मात्र काही रूपच नाही. आदल्या रात्री निरोपाचं जेवण, अंताक्षरी, अभिप्रायाचे फॉर्म, ड्रायव्हरसाठी पाकीट. सकाळी कॉरिडॉरमध्ये हातकाट्याला बॅगा लटकवून जोखणं, तेवीस किलोच्या वर गेलेला काटा बघून एकाचं सामान दुसऱ्याच्या बॅगेत सरकवणं. मग उरलेले फ्रँक संपवायला एखादा मॉल. मग विमानतळ.

या खरेदीवर टीका करणं सोपं आहे, आणि मला ती पटत नाही. आपल्याकडच्या माणसाने परदेशात घेतलेल्या वस्तूंपैकी स्वतःसाठी घेतलेल्या फार थोड्या असतात. चॉकलेटची पाकिटं भावकीतल्या पोरांना, घर सांभाळायला थांबलेल्या शेजारणीला, टूरचे पैसे भरताना मदत केलेल्या मेहुण्याला, आणि 'काय आणलंस?' असं हक्काने विचारणाऱ्या प्रत्येकाला. ज्या वाडीतून घरटी एक तरी माणूस मुंबईला, सुरतला किंवा बडोद्याला गेलेला असतो, तिथे जाणाऱ्याने परतताना काही आणायचं ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. गणपतीला येणारा चाकरमानी रिकाम्या हाताने येत नाही, मग स्वित्झर्लंडहून येणारा कसा येईल? शेवटच्या दिवशी माणसं खरेदी करतात याचं मला दुःख नाही. त्या दिवशी दुसरं काही करायला ठेवलेलंच नसतं, याचं आहे.

अशाच एका टूरवर, शेवटच्या सकाळी, ल्युसर्नच्या बाजूने निघालेल्या आमच्या बसमध्ये पोलादपूरकडच्या एक काकी पुढच्या सीटवर होत्या. मुलगा मुंबईत नोकरीला, त्याने आणलेलं. इतके दिवस त्या फारसं बोललेल्या नव्हत्या. बाहेर हिरव्यागार उतारांवर, अगदी डोंगराच्या कुशीत, एकेक घर चिकटलेलं दिसत होतं. सगळे मोबाइल पुढे करत होते. काकींनी बराच वेळ त्या घरांकडे बघितलं आणि टूर मॅनेजरला विचारलं, "पावसात ह्यो डोंगर खाली नाय येत?"

मॅनेजर चांगला मुलगा होता. त्याने रस्त्याकडेला कड्यावर ताणलेल्या पोलादी जाळ्या दाखवल्या आणि म्हणाला, "नाही काकी, इथं तसं काही होत नाही." विषय संपला. कोणी तरी गाणं लावलं.

आमच्या सबंध टूरमध्ये विचारला गेलेला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तो होता असं मला आजही वाटतं. 2005 च्या जुलैमध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडी आल्या आणि महाड-पोलादपूर भागात दीडशेहून अधिक माणसं गेली. 22 जुलै 2021 ला तळिये गावाची एक वाडी डोंगराखाली गेली, ऐंशीहून अधिक माणसं गाडली गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडी इथे घरं गेली. 2023 च्या जुलैमध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडी. काकींनी डोंगर पाहिला तो या सगळ्यातून पाहिला. बसमधल्या बाकीच्यांना निसर्ग दिसत होता. त्यांना उतार दिसत होता, आणि उताराखाली झोपलेली माणसं.

आणि त्यांना मिळालेलं उत्तर चुकीचं होतं. इथंही डोंगर खाली येतो.

त्या रस्त्यापासून थोडी वाट वाकडी केली, ल्युसर्नहून अर्धा तास गेलं, तर गोल्डाऊ नावाचं गाव लागतं. 2 सप्टेंबर 1806 ला, सततच्या पावसानंतर, रॉसबर्ग डोंगराचा एक अख्खा थर सुटून खाली आला आणि गोल्डाऊसह आसपासची वस्ती गाडली गेली. 457 माणसं मेली. दगडमातीचा काही भाग शेजारच्या लाउअर्त्स तळ्यात पडला आणि पाण्याची भिंत उठून पलीकडच्या काठावर आदळली. त्या दिवशी बर्नहून रिगी डोंगर पाहायला निघालेली एक सहलही त्या वाटेवर होती. जे थोडं पुढे चालत होते ते गाडले गेले, मागे रेंगाळलेले वाचले. पुढे देशभरातून मदत गोळा झाली आणि वेगवेगळ्या कँटनांमध्ये विभागलेल्या स्विस लोकांनी एकमेकांच्या दुःखात धावून जाण्याची ती मोठी सुरुवात होती, असं तिथे मानतात. गाव त्याच मलब्यावर पुन्हा उभं राहिलं. आज तिथे दरडीचं एक छोटं संग्रहालय आहे, आणि पडलेल्या प्रचंड शिळांमध्येच प्राण्यांचं उद्यान केलेलं आहे.

गोल्डाऊने ते लोक शहाणे झाले असंही नाही. 1881 मध्ये एल्म या गावी पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी डोंगराचा पायाच पोखरला. वर भेगा पडल्या, पाहणी झाली, तातडीचा धोका नाही असा अंदाज निघाला, आणि 11 सप्टेंबरला डोंगर आला. 115 माणसं गेली. पाऊस, माणसाची हाव आणि 'इतक्यात काही होत नाही' असं म्हणणारी पाहणी, यातलं आपल्याला अनोळखी काय आहे? फरक पडला तो पुढे. आल्बर्ट हाइम या भूशास्त्रज्ञाने एल्मचा बारकाईने अभ्यास केला, दरड कशी सुटते आणि कशी वाहते याचं शास्त्र तिथून पुढे सरकलं. धोक्याचे नकाशे आले, डोंगरावर नजर ठेवणारी माणसं आणि यंत्रं आली. 2025 च्या मे महिन्यात ब्लाटन गावावरचा कडा आणि त्याखालची हिमनदी सरकू लागल्याचं वेळेत ध्यानात आलं. 19 मे रोजी सुमारे तीनशे लोकांना, त्यांच्या गुराढोरांसह, बाहेर काढलं. 28 तारखेला हिमनदी कोसळली आणि जवळजवळ सगळं गाव गेलं. माणूस गेला तो एक.

1806 ला 457, 2025 ला एक. या दोन आकड्यांच्या मध्ये दोनशेहून अधिक वर्षं आहेत. त्यांत चुका आहेत, हाव आहे, वाद आहेत, आणि प्रत्येक अपघातानंतर 'हे कसं झालं' याचा पाठपुरावा आहे. यातलं काहीही रक्तात नव्हतं. हे सांगणारा माणूस शेवटच्या दिवशी बसमध्ये असता तर काकींच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असतं, आणि 'आपल्याला नाही जमायचं' म्हणणाऱ्यालाही.

नदीचं तसंच. स्वित्झर्लंडच्या टूरमध्ये शेवटच्या दिवशी बऱ्याचदा शाफहाउजनजवळचा ऱ्हाइनचा धबधबा असतो, कारण तिथून झुरिक विमानतळ जवळ. दीडशे मीटर रुंद, तेवीस मीटर उंच, हिरवट पांढरं पाणी. कठड्यापाशी उभं राहिलं की तुषार चष्म्यावर बसतात आणि शेजारच्या माणसाला ओरडून बोलावं लागतं. तिथे उभं राहून महाडचा माणूस सावित्रीबद्दल बोलला नाही असं होत नाही. ती वर महाबळेश्वरला उगम पावते तेव्हा कशी असते, पोलादपूरला डोहांतून कशी वाहते, आणि महाडच्या खाली खाडीत एमआयडीसीचं सांडपाणी गेलं की मेलेले मासे कसे तरंगतात. बोलताना आवाज कातर होतो. नदीवर जीव असल्याशिवाय तो तसा होत नाही.

पण ही ऱ्हाइनसुद्धा मेलेली होती. या धबधब्याच्या खाली, बासलजवळ श्वाइत्सरहाले इथे, 1 नोव्हेंबर 1986 च्या मध्यरात्रीनंतर सँडोझ या रसायन कंपनीच्या गोदामाला आग लागली. आत हजारावर टन कीटकनाशकं आणि इतर रसायनं होती. आग विझवायला मारलेलं पाणी ती सगळी घेऊन नदीत गेलं. नदी लाल झाली. शेकडो किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले, जर्मनीत आणि हॉलंडमध्ये नदीचं पाणी उचलणारे पंप बंद करावे लागले. बासलचे नागरिक रस्त्यावर उतरले. पुढच्याच वर्षी, 1987 मध्ये, ऱ्हाइनकाठच्या देशांनी मिळून कृती कार्यक्रम ठरवला. त्याचं लक्ष्य फार सोप्या भाषेत मांडलेलं होतं: 2000 सालापर्यंत नदीत सामन मासा परत आला पाहिजे. 'पाण्याचा दर्जा उंचावणे' असलं काही लिहिलं असतं तर ते कुठल्याही अहवालात विरून गेलं असतं. मासा परत आला की नाही हे कोळ्यालाही कळतं, शाळेतल्या पोरालाही. कारखान्यांना आगीचं पाणी अडवून धरायला मोठे हौद बांधावे लागले. सामन हळूहळू परत येऊ लागला. काम अजून पूर्ण झालेलं नाही, धरणं आडवी आहेत, पण नदी जिवंत आहे.

2023 च्या नोव्हेंबरमध्ये महाड एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि 11 कामगार गेले. त्यांची घरं पुढे कशी चालली, हा पहिला प्रश्न. आग विझवताना वापरलेलं पाणी कुठे गेलं, हा दुसरा प्रश्न मात्र मला कुठे ऐकू आला नाही. बासलमध्ये 1986 नंतर तो प्रश्न विचारणं सक्तीचं झालं. ऱ्हाइनच्या कठड्यावर उभ्या असलेल्या महाडकराला एवढी एक गोष्ट कुणी सांगितली असती, तर तो फोटोबरोबर एक प्रश्न घेऊन परतला असता, आणि तो प्रश्न कुणाला विचारायचा हेही त्याला ठाऊक होतं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. लाखो रुपये भरून, आयुष्यात एकदाच केलेल्या सहलीत माणसाला दरडी आणि जळकी गोदामं कशाला दाखवायची? घरी काय कमी आहेत? मला हा आक्षेप पूर्ण खोडून काढता येत नाही. दमलेल्या माणसाला सौंदर्य हवं असतं आणि त्याचा त्याला हक्क आहे. म्हणूनच माझं म्हणणं सगळ्या टूरबद्दल नाही, शेवटच्या दिवसाबद्दल आहे. त्या दिवशी सौंदर्य बघून झालेलं असतं आणि मन आपोआप घराकडे गेलेलं असतं. ती तुलना होणारच आहे. ती कोरडी व्हायची की तिच्या हाती काही माहिती द्यायची, एवढाच प्रश्न आहे.

दुसरी भीती मला जास्त वाटते. 'त्यांच्याकडेही असंच होतं' हे कळल्यावर आपण हुश्श करून मोकळे होऊ. म्हणजे एका खोट्या निवाड्याच्या जागी दुसरा येईल. गोल्डाऊची गोष्ट ऐकून तळियेची धग कमी होत असेल तर ती गोष्ट न सांगितलेली बरी. तळियेत त्या रात्री रस्ते बंद होते, फोन बंद होते, मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला, आणि पुनर्वसनाची घरं मिळायला वर्षं लागली. ते दोनशे वर्षांपूर्वी घडलेलं नाही. 2021 साली, उपग्रह आणि मोबाइल असताना घडलं. एल्मपासून ब्लाटनपर्यंत जायला त्यांना जेवढा काळ लागला तेवढा घ्यायची मुभा आपल्याला नाही, कारण त्यांनी किंमत देऊन शिकलेलं आज सगळ्या जगाला उपलब्ध आहे.

टूर कंपन्या हे दाखवत नाहीत यात त्यांचा काही डाव नाही. दाखवायच्या यादीचा इतिहासच तसा आहे. थॉमस कुकने 5 जुलै 1841 ला लेस्टरहून लफबरोला पहिली सहल नेली ती दारूबंदीच्या सभेला. समूहाने प्रवास करायचा तो काही तरी सुधारायला, अशी त्याची धारणा होती. 1863 मध्ये त्याने स्वित्झर्लंडची पहिली टूर काढली तोवर डोंगर आणि हिमनद्या हेच आकर्षण झालं होतं. तेव्हाचा स्वित्झर्लंड मात्र गरीब होता. डोंगरातल्या खोऱ्यांत गलगंडाने सुजलेले गळे सर्रास दिसायचे, आणि तो आजार हटला तो 1922 पासून मिठात आयोडीन घालायला सुरुवात झाल्यावर. तिथल्या बायकांना देशपातळीवर मताचा हक्क 1971 मध्ये मिळाला. आमच्या काकींच्या सासूने तो आपल्या देशाच्या पहिल्याच निवडणुकीत बजावला असणार.

ल्युसर्नला प्रत्येक टूर एका ठिकाणी थांबते. कड्यात कोरलेला, भाला रुतलेला, मरणासन्न सिंह. फोटो होतात, दहा मिनिटांत बस निघते. 1821 मध्ये पुरा झालेला तो सिंह पोटासाठी परक्या राजाच्या पदरी चाकरीला गेलेल्या स्विस शिपायांचा आहे. 10 ऑगस्ट 1792 ला पॅरिसमध्ये ते कापले गेले. शतकानुशतकं स्विस खेडी आपले तरुण भाड्याच्या फौजांत पाठवत होती, कारण डोंगरात पोट भरत नव्हतं. महाड तालुक्यात फौजी आंबवडे नावाचं गाव आहे. तिथे घराघरातून माणूस फौजेत गेलेला आहे, पहिल्या महायुद्धात परमुलखात लढून मेलेलेही आहेत. त्या गावचा माणूस सिंहासमोर उभा राहिला आणि त्याला नुसतंच 'काय कोरीवकाम आहे' असं वाटलं, तर तो त्याचा दोष नाही. त्याला दहाच मिनिटं मिळाली, आणि ती फोटोसाठी मिळाली.

उलट बाजूने बघितलं तर महाडही कुणासाठी तरी परमुलूख होताच. 1674 च्या मे-जूनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन आपल्या सोबत्यांसह मुंबईहून रायगडावर आला, शिवराज्याभिषेक पाहिला, कंपनीचा करार पदरात पाडून परत गेला. सिंहासन, सोन्याचा तराजू, भाल्यांच्या टोकांवरची चिन्हं, सगळं त्याने टिपून ठेवलं. पण मला त्याच्या नोंदीतली आवडते ती वेगळीच गोष्ट. दरवाजात दोन हत्ती उभे होते, आणि इतक्या अवघड वाटेने हे वर कसे आणले असतील याचा त्याला उलगडा होईना. पिल्लं असताना वर चढवले असतील, असं उत्तर आपण आजही पोरांना देतो. त्या परक्या माणसाला वैभवापाशी थांबता आलं असतं. तो 'कसं' यावर अडला, आणि म्हणूनच साडेतीनशे वर्षांनीही त्याची नोंद आपल्याला वाचावीशी वाटते.

आजही महाडला समूहाने लोक येतात. 6 जूनला रायगडावर, 20 मार्चला चवदार तळ्यावर. लांबलांबहून, गाड्या करून, घरची भाकरी बांधून. 1927 च्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेलाही लोक असेच आले होते. 20 मार्च हा परिषदेचा दुसरा आणि शेवटचा दिवस होता. ठराव झाले होते, आभार मानायची वेळ आली होती, लोक परतीला लागणार होते. तेव्हा कार्यकर्ते अनंतराव चित्रे यांनी उभं राहून सांगितलं की आता सगळ्यांनी मिळून तळ्यावर जाऊ. बाबासाहेब आंबेडकर पुढे झाले, हजारोंची रांग गावातून तळ्याकडे गेली आणि पाणी प्यायली. समूहाने शेवटच्या दिवशी काय करावं, याचं याहून मोठं उदाहरण मला ठाऊक नाही, आणि ते आमच्या गावात घडलेलं आहे. तळं अस्पृश्यांना खुलं करण्याचा महाड नगरपालिकेचा ठराव 1924 चा होता. ठराव कागदावर राहिला, म्हणून 1927 ला चालत जावं लागलं. मग मार खावा लागला, तळ्याचं 'शुद्धीकरण' पाहावं लागलं, नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतलेला पाहावा लागला, आणि 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत दावा लढवावा लागला. झुरिकमध्ये बाराशेहून अधिक सार्वजनिक कारंजी आहेत, त्यांचं पाणी कुणीही बाटलीत भरून पिऊ शकतो. आमच्या बसमधल्या कितीतरी जणांनी तशी बाटली भरली आणि 'बघा, फुकट आणि स्वच्छ' असं म्हणत एकमेकांना दाखवली. सार्वजनिक पाणी कशाने सार्वजनिक होतं, हे महाडच्या माणसाला कुणी शिकवायला नको होतं. फक्त आठवण करून द्यायला हवी होती.

पुढच्या उन्हाळ्यात महाड-पोलादपूरची मंडळी स्वित्झर्लंडला निघाली तर त्यांनी कंपनीकडे एवढंच मागावं: शेवटच्या दिवशीचा मॉलचा दीड तास गोल्डाऊला द्या. चॉकलेट आदल्या दिवशीही घेता येतं. संग्रहालयात थांबा, शिळांमधून फिरा, आणि शक्य असेल तर तिथल्या ग्रामपालिकेतलं कोणी अर्धा तास बोलायला मिळतं का बघा. दुभाषा म्हणून टूर मॅनेजर असेलच. समूहात तळियेच्या, केवनाळ्याच्या, जुईच्या ओळखीतली माणसं असतील. त्यांना काय विचारायचं हे सांगावं लागणार नाही. डोंगराची भेग कोण मोजतं आणि महिन्यातून किती वेळा मोजतं. त्याचे पैसे गाव भरतं की सरकार. गाव रिकामं करा असं सांगायचा अधिकार कुणाकडे आहे, आणि पाहणीत धोका नाही असं लिहून देणाऱ्याला नंतर कोणी जाब विचारतं का. गुरं सोडून यायला तयार नसलेल्या म्हाताऱ्याची समजूत कोण घालतं. आणि रात्री वीज गेली, फोन गेले, रस्ता तुटला, तर तो निरोप सगळ्यात वरच्या घरापर्यंत कोण घेऊन जातं.